हरवलेले इंजिन आणि हरवत चाललेले हात

बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेल्या पहिल्या आगगाडीची आठवण दरवर्षी न चुकता काढली जाते. चौदा डबे, चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' या नावांनी प्रसिद्धी पावलेली तीन इंजिने हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. या आठवणीत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी इंग्लंडमधील व्हल्कन फौंड्रीने बांधलेल्या त्या पहिल्या आठ इंजिनांपैकी एकही आज शिल्लक नाही. ज्या यंत्राने या देशाचा आर्थिक नकाशा बदलला, त्याचे केवळ नाव उरले आणि लोखंड भंगारात गेले.

असे नाहीसे झालेले इंजिन पुन्हा नव्याने बांधावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी रिकाम्या वेळेचा वाटतो. खानदेशात तर तो अधिकच विचित्र वाटेल. पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या अरुंद मार्गावरची गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे थांबली ती थांबलीच. शेंदुर्णी, पहूर, जामनेर येथील ज्यांना चालू गाडी मिळत नाही, त्यांच्यापुढे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंजिनाची प्रतिकृती बांधण्याची गोष्ट काढणे ही थट्टाच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. तरीही हा प्रश्न टाळू नये असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुन्या वस्तूची नवी प्रत करण्यावर समाजाने पैसा केव्हा खर्च करावा आणि केव्हा करू नये, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास पहूरइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल.

पन्नासावे इंजिन

प्रथम जेथे हा उद्योग तडीस गेला तेथील हकिगत पाहू. ब्रिटनमध्ये १९४८-४९ साली 'ए-१' वर्गाची ४९ जलद प्रवासी इंजिने बांधली गेली. डिझेलचे युग आले आणि १९६६ पर्यंत ती सर्व मोडीत निघाली. संग्रहालयासाठीसुद्धा एक राखले गेले नाही. १९९० साली काही उत्साही मंडळींनी एक न्यास स्थापून याच वर्गाचे पन्नासावे इंजिन बांधण्याचा संकल्प सोडला. सरकारकडे हात पसरण्याऐवजी त्यांनी सामान्य माणसाकडे आठवड्याला सव्वा पौंड, म्हणजे तिकडच्या एका पेल्याभर बिअरची किंमत, वर्गणी मागितली. प्रत्यक्ष काम १९९४ साली सुरू झाले आणि 'टॉर्नेडो' नावाचे ते इंजिन २००८ साली डार्लिंग्टन येथे पुरे झाले. खर्च सुमारे तीस लाख पौंड. २०१७ साली याच इंजिनाने चाचणीत ताशी शंभर मैलांचा वेग गाठला.

या यशोगाथेतील दोन बाबी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, इंजिने मोडली तरी त्यांचे मूळ आराखडे यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात सुरक्षित होते. कागद जपले होते म्हणून लोखंड पुन्हा उभे करता आले. दुसरी बाब अधिक बोधप्रद आहे. ज्या ब्रिटनने साऱ्या जगाला वाफेची इंजिने पुरविली, त्या देशात या इंजिनाचा बॉयलर बांधून मिळाला नाही. तो जर्मनीतील मायनिंगेन येथील कारखान्यातून करून आणावा लागला, कारण जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीचे काम तेथे चालू राहिले होते आणि म्हणून कसबही राहिले होते. यंत्र नष्ट होणे आणि यंत्र घडविणारे हात नष्ट होणे या दोन वेगळ्या हानी आहेत. पहिली पैशाने भरून निघते. दुसरी पैशानेही लवकर भरून निघत नाही.

तिरुचिरापल्लीचा धडा

असे उदाहरण शोधण्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. निलगिरी पर्वतावरची दातेरी रुळांची गाडी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे बनलेल्या 'एक्स' वर्गाच्या इंजिनांवर चालत आली. ती थकल्यावर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून पुढच्या काही वर्षांत याच वर्गाची तेलावर चालणारी चार नवी इंजिने घडविली आणि २०२१ साली कोळशावर चालणारे एक नवे इंजिनही बाहेर काढले. भारतीय कामगाराने एकविसाव्या शतकात वाफेचे इंजिन मुळापासून बांधले, ही गोष्ट अभिमानाची आहे.

पण हे का साधले, याचे उत्तर भावनेत सापडणार नाही. या प्रयोगाला तीन आधार होते. जुनी इंजिने चालू स्थितीत समोर उभी होती. त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर कारखान्यात होते. आणि बांधलेले इंजिन दुसऱ्या दिवसापासून ओढायला खरीखुरी प्रवासी गाडी होती. म्हणजे नमुना, कसब आणि काम ही तिन्ही हजर होती. १८५३ च्या इंजिनाच्या बाबतीत नमुना नाही, त्याला देण्याजोगे रोजचे काम नाही, आणि कसब झपाट्याने ओसरत आहे. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून २,३५१ वाफेची इंजिने बांधली आणि १९७२ साली ते काम थांबविले. त्या वर्षी विशीत असलेला उमेदवार कारागीर आज सत्तरी ओलांडून गेला आहे. रुंद मार्गावरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ अखेर संपली. त्या वेळच्या तरुण फायरमनचेही आता निवृत्तीचे वय झाले आहे किंवा होत आले आहे. कसबाला मुदत असते आणि ती माणसाच्या आयुष्याएवढीच असते.

खर्च कोणाचा, त्याग कोणाचा?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही 'संधी-खर्च' ही कल्पना शिकविली जाते. एखाद्या वस्तूवर खर्च केलेल्या रुपयाची खरी किंमत म्हणजे त्याच रुपयात मिळू शकली असती अशी, पण सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू. या कसोटीवर प्रतिकृतीचा विचार केला की भाबडेपणाला जागा उरत नाही. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून असे इंजिन बांधायचे तर त्याची किंमत एखाद्या स्थानकावरचे छप्पर, एखादा भुयारी रस्ता किंवा एखादी पॅसेंजर गाडी यांच्या रूपाने कोणीतरी मोजणार. तो 'कोणीतरी' बहुधा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी असतो आणि त्याला विचारण्याची पद्धत नाही.

पाचोरा-जामनेर मार्ग १९१८-१९ च्या सुमारास घातला गेला. अडीच फूट रुंदीच्या या रुळांनी खानदेशचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणला आणि अजिंठ्याची लेणी पाहणाऱ्यांना पहूरपर्यंत पोचविले. पुढे मालमोटारींनी कापूस नेला, मोटारींनी पर्यटक नेले आणि 'पीजे'कडे उरले ते विद्यार्थी, भाजीवाल्या बाया, मजूर आणि छोटे नोकरदार. तोट्याची गाडी म्हणून हिशेबात तिची नेहमी हेटाळणी झाली. तिच्यामुळे ज्यांची मिळकत, शिक्षण आणि औषधपाणी चालले, त्यांचा लाभ रेल्वेच्या ताळेबंदात कोठेच दिसत नव्हता. आता हा मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर, नेण्याची योजना मंजूर झाली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि नवा मार्ग पुरा होईपर्यंतच्या वर्षांचे भाडे हा वर्ग एस.टी. आणि काळी-पिवळीला भरत आहे. अशा वेळी सार्वजनिक तिजोरीतून इंजिनाच्या प्रतिकृतीला अग्रक्रम मागणे अन्यायाचे होईल, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे.

अजिंठ्याच्या दोन प्रती

मग प्रतिकृती हा श्रीमंतांचा छंद म्हणून सोडून द्यावा काय? तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी वाघूर नदीच्या काठाने थोडे वर जावे. पहूर ज्या वाघूरवर वसले आहे, तिच्याच वरच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत, आणि प्रतिकृतींचा फार बोलका इतिहास तेथे घडलेला आहे.

मेजर रॉबर्ट गिल याची १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. गिल १८७९ साली वारला. भुसावळला त्याचे थडगे आहे. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे काम नव्याने केले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. केवळ वस्तूच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही उद्योग जवळजवळ बुडीत खाती जातील. परंतु गिलच्या मागे शिष्य उरले नाहीत. ग्रिफिथ्सच्या मागे उरले. लेण्यांत बसून रेषा आणि रंग गिरविणाऱ्या त्या तरुणांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले आणि त्याच कलाशाळेत त्यांनी शिकविले. कापड जळाले, हात शाबूत राहिले आणि त्या हातांनी पुढची पिढी घडविली.

आता त्याच परिसरातील दुसरी प्रत पाहा. जपानच्या कर्जसाहाय्याने लेण्यांच्या पायथ्याजवळ अजिंठा अभ्यागत केंद्र उभारण्यात आले आणि निवडक लेण्यांच्या भव्य प्रतिकृती तेथे बांधण्यात आल्या. २०१३ साली ते खुले झाले. हेतू चांगला होता: मूळ लेण्यांवरची गर्दी कमी व्हावी. परंतु वीज व पाण्याची देयके थकली आणि काही वर्षांतच केंद्राला टाळे लावण्याची पाळी आली. भांडवली खर्चाला कर्ज मिळते, फीत कापायला पाहुणे मिळतात. दरमहाच्या वीजबिलाला मात्र कोणी वाली नसतो. सार्वजनिक बांधकामांची ही जुनी व्याधी आहे. ज्या भागात लेण्यांच्या प्रतिकृतीला दिव्याचे बिल भरता आले नाही, तेथे पर्यटकांच्या जिवावर वाफेचे इंजिन चालेल असा हिशेब कोणी मांडला तर तो दोनदा तपासून घ्यावा. इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागते, ठरावीक काळाने बॉयलरची तपासणी लागते आणि धूळ खात उभे राहिले तर ते चालत्या इंजिनापेक्षा लवकर झिजते.

अग्रक्रम कोणता?

या दोन प्रतींमधला फरक हाच आपल्या प्रश्नाचा निकाल आहे. प्रतिकृतीचे मोल प्रतिकृतीत नसते. ती करताना जे हात तयार होतात त्यांत असते. म्हणून असे इंजिन बांधायचे तर ते शाळा म्हणून बांधावे, देखावा म्हणून नव्हे. ओतकामाचे साचे कसे करतात, जाड पत्र्याला आकार कसा देतात, रिव्हेट तापवून कशी ठोकतात, चाकावर पोलादी धाव कशी चढवितात हे जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना एखाद्या खऱ्या कामावर शिकता आले, तर इंजिन पुरे व्हायला वीस वर्षे लागली तरी पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही. भुसावळला विद्युत इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. बार्शी लाइट रेल्वेपासून चालत आलेला कुर्डुवाडीचा कारखाना अरुंद मार्गाच्या गाड्यांची कामे जाणतो. मुख्य म्हणजे पैसा वर्गणीचा असावा आणि पहिला हातोडा पडण्यापूर्वी पुढच्या देखभालीचा निधी वेगळा काढलेला असावा. ज्या कामाला हजारो माणसे आपण होऊन महिन्याला थोडे पैसे द्यायला तयार होत नाहीत, त्याला लोकांचा पाठिंबा आहे असे सरकारनेही मानू नये.

पण त्याच्याही आधी करण्याजोगे, जवळजवळ बिनखर्चाचे आणि अत्यंत निकडीचे एक काम आहे. अरुंद मार्ग उखडून रुंद मार्ग पडताना जुने नकाशे, नोंदवह्या, सुट्या भागांची रेखाटने, स्थानकांतली उपकरणे कोठे जाणार? ती रद्दीत आणि भंगारात जाऊ नयेत यासाठी रेल्वेने आताच यादी करावी. जिल्ह्यात राहणाऱ्या निवृत्त ड्रायव्हर, फायरमन आणि फिटर मंडळींकडून त्यांचे काम तपशीलवार लिहून व ध्वनिमुद्रित करून घ्यावे. आमच्या महाविद्यालयांतील इतिहास, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सुटीत होण्यासारखे हे काम आहे. डार्लिंग्टनला कागद होते म्हणून इंजिन झाले. आपल्याकडे उद्या कोणाला बुद्धी झाली आणि पैसाही जमला, तरी कागद आणि माणूस दोन्ही नसतील तर हाती केवळ रंगविलेला पत्रा लागेल.

क्रम असा असावा: पहिली गाडी विद्यार्थ्याची आणि मजुराची, दुसरी नोंद जाणकाराच्या तोंडची, आणि तिसरे इंजिन वर्गणीचे. पहिल्या दोन गोष्टी झाल्याखेरीज कोणी तिसरीचा नारळ फोडू लागला, तर त्याला अभ्यागत केंद्राच्या फाटकावरचे कुलूप दाखवावे.