मत मागतात तेव्हा गप्प बसू नका

रिचार्ज महागला की आपण चरफडतो, कॉल मध्येच तुटला की कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. पण या कंपन्यांनी ग्राहकाशी कसे वागावे याचे नियम ठरण्याआधी आपलेही मत मागितले जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, महत्त्वाचा नियम करण्याआधी सल्लापत्र काढते. त्यात क्रमांक घालून प्रश्न विचारलेले असतात. साधारण चार आठवडे लेखी मते घेतली जातात, त्या मतांवर उत्तर द्यायला आणखी दोन आठवडे मिळतात आणि शेवटी खुली चर्चा होते. कोणीही नागरिक मत पाठवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. तरीही सल्लापत्रांवर पानेच्या पाने उत्तरे येतात ती मुख्यतः कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची. ग्राहकाची बाजू मांडणारे मोजकेच असतात.

लोक जागे झाले की काय घडते, हे आपण पाहिले आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांच्या नियमनावर सल्लापत्र काढले, तेव्हा देशभरातून दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रश्न आला तो वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा. मोजक्या साइट फुकट दाखवणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’साठी फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या आणि वापरकर्त्यांकडून तयार मजकुराचे ढीगभर ईमेल पाठवून घेतले. आम्ही चार प्रश्न विचारले आहेत, त्यांची उत्तरे यात नाहीत, असे ट्रायने त्यांना सुनावले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांवर बंदी आली. आज कोणती साइट उघडायची हे तुम्ही ठरवता, त्यामागे ही बंदी आहे. नुसत्या गर्दीपेक्षा मुद्द्याचे उत्तर वजनदार ठरते, हाही त्यातला धडा.

दुसरे उदाहरण तर घरातलेच आहे. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीला फक्त मुलाशी बोलायचे असते, पण पॅकमध्ये डेटाचे पैसे भरावे लागत. ट्रायने २०२४ मध्ये या विषयावर मते मागवली. कंपन्यांचा वेगळ्या पॅकला विरोध होता. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये नियम झाला : फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवलाच पाहिजे.

मात्र हा दरवाजा वाटतो तितका भक्कम नाही. ट्राय कायद्याचे कलम ११(४) एवढेच सांगते की प्राधिकरणाने कामकाजात पारदर्शकता राखावी. किती दिवस द्यावेत, लोकांच्या मुद्द्यांना उत्तर द्यावे की नाही, याचा तपशील त्यात नाही. याचा फटका ग्राहकालाच बसला आहे. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी रद्द केला. नियम मनमानी ठरला आणि तो करताना पुरेशी पारदर्शकता पाळली नाही, असेही न्यायालयाने म्हटले. नियम करण्याआधी जनतेची मते घेण्याची रीतसर पद्धत संसदेने कायद्याने घालून द्यावी, अशी सूचना न्यायालयाने त्याच निकालात केली. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, पण ट्रायसाठी अशी पद्धत त्यातही घालून दिली गेली नाही. लोकसभेत १८ डिसेंबरला मांडलेले विधेयक २१ डिसेंबरला राज्यसभेतही मंजूर झाले.

आपल्याकडे नेटवर्कच्या प्रश्नाची झळ रोज लागते. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर काढायचा आणि तो पाठवायला रेंज शोधत फिरायचे, हे शेतकऱ्याला नवीन नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवून नेटवर्कची वाट पाहणारी रांगही नवीन नाही. सरकारच्या भारतनेट योजनेची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणून घराघरांत इंटरनेट आले असे होत नाही. दिल्लीतल्या टेबलावर हे कोणी सांगायचे? ज्याला सोसावे लागते त्यानेच.

म्हणून आता कामाला लागू या. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक मोबाइल कंपनीला आपल्या व्याप्तीचा नकाशा वेबसाइटवर द्यावा लागतो. तो उघडा, आपले गाव शोधा. नकाशात रंग भरलेला आणि गावात रेंज नाही, असे दिसले तर ठिकाण, तारीख, वेळ टिपून ठेवा. पुढचे सल्लापत्र निघाले की प्रश्नाचा क्रमांक लिहून त्याखाली हा पुरावा द्या. ग्रामसभेत ठराव करून तोही जोडा. महाविद्यालयातल्या मुलांनी सल्लापत्राचा मराठी गोषवारा करून गावच्या ग्रुपवर टाकावा. १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली ती अशाच सामान्य माणसांच्या बळावर.

आणि आपल्या खासदाराकडे तीन मागण्या लेखी करा. मते घेतल्याशिवाय नियम नको, हे कायद्यात स्पष्ट लिहा. सल्लापत्र मराठीसह भारतीय भाषांत काढा. लोकांचा मुद्दा नाकारला तर त्याचे कारण द्या.

कुणी बोललेच नाही तर सल्लामसलत हा निव्वळ उपचार उरेल, आणि उपचार बंद करायला फार वेळ लागत नाही. हा हक्क टिकवायचा तर तो वापरलाच पाहिजे. पुढच्या सल्लापत्रावर तुमचे उत्तर गेलेच पाहिजे.