मासा सोडून देणारे पाहुणे

दूर देशीं जाऊन, पुष्कळ द्रव्य खर्चून मासा गळास लावावयाचा आणि लगेच पाण्यांत सोडून द्यावयाचा, हें ऐकून आमच्या वाचकांस हंसूं येईल. आम्हांसही प्रथम आलें. परंतु अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत, ब्रिस्टल उपसागरास मिळणाऱ्या नद्यांची हकीकत पाहिल्यावर आमचें मत पालटलें.

त्या मुलखांत बहुतेक ठिकाणीं सडक नाहीं. पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानानें पाहुण्यास नदीकांठीं पोंचवितात. त्याच्या गळास आमिष नसतें. कोंबड्याचीं पिसें व जनावरांचे केस दोऱ्यानें बांधून केलेली खोटी माशी असते. गळाचा उलटा कांटा पुष्कळ जण दाबून टाकतात, म्हणजे ट्राउट मासा फारशी इजा न होतां सुटतो.

हा ट्राउट इतका पोसतो तो सॅमन माशाच्या जिवावर. सॅमन नदींत जन्मतो, कांहीं वर्षें समुद्रांत वाढतो, आणि जन्मस्थानीं परत येऊन अंडीं घालून मरतो. २०२२ सालीं सात कोटींहून अधिक तांबडे सॅमन या उपसागराकडे परतले. त्यांचीं अंडीं व मांस ट्राउट खातो. अस्वलें उरलेले मासे रानांत ओढून नेतात, आणि समुद्रांतील नत्र झाडांच्या मुळांशीं पोंचतें. मासळीच्या खताची किंमत जाणणाऱ्या कोंकणच्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. येथें मात्र खत फुकट येतें, आणि तेंही चढावर!

याच नद्यांच्या उगमाशीं सोनें व तांबें यांचा मोठा सांठा आहे. तेथें पेबल नांवाची खाण काढण्याची खटपट कित्येक वर्षें चालली. २०२३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें या खाणीची माती व दगड तेथील ओढ्यांत व पाणथळींत टाकण्यास मनाई केली. त्या हुकुमाविरुद्ध २०२४ सालीं खाणवाल्यांनीं व खुद्द अलास्का सरकारनें दावे लावले. खाणीनें रोजगार मिळेल असें म्हणणारे अगदींच वेडे नव्हेत. त्या खेड्यांत काम थोडें व जिन्नस महाग. पण खाण एकदां संपली कीं संपली, आणि तिचा गाळ मात्र बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या अडवून ठेवावा लागतो. सॅमनचें पीक न पेरतां दरसाल येतें.

पाहुण्यांच्या थैलीचें कौतुक आम्हांस बेताचेंच आहे. त्यांतील किती पैसा कांठच्या खेड्यांत राहतो, हें आम्ही प्रथम विचारूं. युपिक व देनाइना लोक पिढीजात सॅमन वाळवून, धुरी देऊन हिवाळ्याची बेगमी करीत आले आहेत. त्यांच्या घरच्या सांठ्यापुढें कोणाचाही छंद दुय्यमच मानला पाहिजे. तरीपण खाणीविरुद्ध या मूळच्या रहिवाशांच्या व जाळेंवाल्या कोळ्यांच्या जोडीस हे हौशी गळवालेही उभे राहिले, ही गोष्ट आम्ही त्यांच्या जमेस धरतों. ज्यानें ती नदी कमरभर पाण्यांत उभें राहून पाहिली आहे, त्यास नकाशावरची खाण दाखवून भुलवितां येत नाहीं.