रॅमची टंचाई आणि जुळवलेला संगणक

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट असे सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेण्याची पद्धत मध्यमवर्गीय घरांत रुजली ती हौसेपेक्षा काटकसरीमुळे. आज ऐपतीप्रमाणे घ्यावे आणि पुढे पैसे हाती आले की रॅम वाढवावी, हा त्यामागचा साधा हिशेब. २०२५च्या अखेरीस तो कोलमडला. अवघ्या काही महिन्यांत रॅमच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या.

याचे मूळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शर्यतीत आहे. जगातील बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. डेटा सेंटरना लागणाऱ्या ‘एचबीएम’ या वेगवान मेमरीत त्यांना अधिक नफा मिळतो. मात्र तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर-५च्या तुलनेत एचबीएमसाठी सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. साहजिकच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि सामान्य ग्राहकाच्या वाट्याला उरलेसुरले आले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली. बड्या खरेदीदारांपुढे किरकोळ ग्राहकाची किंमत किती, हे त्यातून उघड झाले.

ही वेळही अडचणीची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे असंख्य जुने संगणक बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. जुन्याच यंत्रात रॅम वाढवून दिवस काढावेत, तर डीडीआर-४चे उत्पादनही कंपन्या आवरते घेत आहेत. डीडीआर-४च्या मदरबोर्डवर डीडीआर-५ बसत नाही. म्हणजे रॅमसोबत मदरबोर्ड आणि बहुधा प्रोसेसरही बदलणे आले.

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा २२,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प असताना आपल्याकडे टंचाई का, असा प्रश्न पडू शकतो. परंतु साणंदचे काम चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचे आहे; मूळ सिलिकॉन चकत्या तेथे घडत नाहीत. त्यामुळे किमतीची दोरी परदेशातील कारखान्यांच्याच हाती राहते. शिवाय सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी असल्याने मूळ किंमत चढली की कराची रक्कमही वाढते. व्यावसायिकाला त्याची वजावट मिळते, विद्यार्थ्याला नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात याची झळ संख्येने लहान, पण थेट आहे. वास्तुरचना, चित्रफीत-संपादन किंवा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला मोबाइल पुरत नाही. त्याला दुकानातून संगणक जुळवून देणारा म्हापशाचा वा मडगावचा छोटा व्यावसायिकही सकाळी दिलेले दरपत्रक संध्याकाळी पाळू शकेल, याची खात्री उरलेली नाही.

नवे चिप कारखाने उभे राहण्यास काही वर्षे लागतात. तोवर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी दोन स्लॉटचा का होईना, पण रॅम वाढवता येईल असा मदरबोर्ड घेऊन एकच पट्टी बसवावी. वेग थोडा कमी मिळेल, पण पुढची वाट खुली राहील. सरकारी कार्यालयांतून बाद होणाऱ्या संगणकांतील चालू स्थितीतील रॅम शाळांच्या प्रयोगशाळांकडे वळवणे राज्याला सहज शक्य आहे. बाजार आपल्या हाती नाही. भंगारात काय जाऊ द्यायचे, हे मात्र आहे.