तरतूद झाली, मग पैसे कुठे अडले?

"साहेब, ठिबकसाठी अर्थसंकल्पात भरघोस तरतूद झाल्याचे पेपरात वाचले. आमचा संच बसून चार महिने झाले, तपासणीही झाली. मग अनुदान कुठे अडले?" असे एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे. असाच प्रश्न गावोगावच्या बैठकांतही ऐकू येतो, म्हणून आज पिकांचे बोलणे बाजूला ठेवून सरकारी पैशाची वाट सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की तरतूद म्हणजे पैसे नव्हेत. उसाचे बिल आले की गोठ्यावर पत्रे घालू, असे आपण घरात ठरवतो. ठरले म्हणून पत्रे येत नाहीत. सरकारचेही तसेच आहे, फक्त तिथे ठरवण्याला कायद्याचे बंधन आहे. राज्याचा सगळा महसूल एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय त्यातला एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. प्रत्येक खाते आपली मागणी विधानसभेपुढे ठेवते. काही मागण्यांवर चर्चा होते. वेळ संपली की उरलेल्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात. मग विनियोजन विधेयक येते. विधान परिषद त्यावर चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही. राज्यपालांची संमती मिळाली की कायदा झाला.

वर्षभर पुरेल एवढे एकदाच ठरते असेही नाही. २०२४ साली लोकसभेची निवडणूक होती. फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प मांडून चार महिन्यांचे लेखानुदान घेतले गेले आणि २८ जूनला पुढचा अर्थसंकल्प आला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच सुमारे ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात मांडल्या गेल्या. घरधनी असे वागला तर घरची माणसे त्याला विचारतीलच!

बरे, कायदा झाला म्हणून खात्याच्या हाती तिजोरीची किल्ली येते का? तेही नाही. वित्त विभाग संगणकावरच्या 'बीम्स' नावाच्या प्रणालीतून पैसे टप्प्याटप्प्याने सोडतो. ४ मे २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, विकासकामांच्या तरतुदीपैकी फक्त ३३ टक्केच निधी मिळेल असा शासन निर्णय निघाला होता. कायद्याने मंजुरी शंभराची, हाती तेहेतीस. सुटलेला निधी आयुक्तालयातून जिल्ह्याला आणि तिथून तालुक्याला येतो, तोही ठरावीक लेखाशीर्षाखाली. शेजारच्या योजनेत पैसे पडून असले तरी आपल्या मनाने ते इकडे वळवता येत नाहीत.

ठिबकचेच बघा. केंद्र व राज्याच्या भागीदारीच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के अनुदान आहे. त्यावर राज्य स्वतःच्या योजनेतून २५ टक्क्यांची भर घालते, असे मिळून ८० टक्के. पण हे दोन भाग दोन वेगळ्या लेखाशीर्षांतून येतात. एक भाग खात्यात जमा झाला आणि दुसरा मागे राहिला, तर दर वेळी तालुका कार्यालयाने खोडा घातला असे समजू नका.

आता खरी मेख, ३१ मार्च. त्या रात्रीपर्यंत जो पैसा खर्ची पडला नाही तो व्यपगत होतो, म्हणजे तुमचे काम पुरे असले तरी त्या वर्षाचा निधी मेला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात लग्नघराची गर्दी असते. ज्याच्या बिलाला एक कागद कमी, तो तिथेच मागे राहतो. एप्रिलपासून नव्या तरतुदीची वाट. जिल्हा परिषदेला मात्र जिल्हा नियोजनातून मिळालेला निधी खर्चायला दोन वर्षे मिळतात, हा फरक पुष्कळांना माहीत नसतो.

एप्रिल ते मार्च हे वर्ष १८६७ साली इंग्रजांनी घालून दिले. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि त्याचा अंदाज हाती नसतानाच हिशेब मांडून बसावे लागते. १९८५ साली एल. के. झा समितीने जानेवारीपासून वर्ष धरावे असे सुचवले होते. केंद्राने ते मानले नाही. माझ्या मते शेतीपुरते तरी झा समितीचे बरोबर होते.

उशिराची किंमत शेतकऱ्याच्या घरातून जाते. समजा, ८० हजारांच्या अनुदानाच्या भरवशावर दुकानदाराकडून संच उधारीवर घेतला आणि महिना दोन टक्के व्याज ठरले. नऊ महिने उशीर झाला तर १४,४०० रुपये गेले, आणि ते कोणतीही योजना भरून देत नाही. शिवाय अनुदान शासनाने ठरवलेल्या मापदंडावर मिळते, दुकानाच्या बिलावर नाही.

योजना आणि कायदा यांतला फरकही ध्यानात घ्या. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पगारदारांकडून घेतला जाणारा व्यवसाय कर त्यासाठी १९७५ सालीच बसवलेला होता. त्या करांइतकीच रक्कम राज्याने आपल्या पदरची घालावी, असा निधी कायद्यानेच बांधून दिला. काम दिले नाही तर भत्ता द्या, असे मजूर हक्काने म्हणू शकत होता. ठिबकच्या अनुदानामागे असा हक्क नाही. ती योजना आहे, पैसे असतील तेव्हा मिळणारी.

म्हणून पूर्वसंमती हाती आल्याशिवाय संच घेऊ नका. बिल, सातबारा, आधार जोडलेले बँक खाते हे सारे संक्रांतीच्या आत पुरे करा. होळीची वाट पाहू नका. कार्यालयात गेल्यावर "पैसे कधी येणार?" असे विचारू नका, त्याला उत्तर नसते. "या लेखाशीर्षाखाली यंदा तालुक्याला किती निधी सुटला, किती खर्च झाला, आणि माझे बिल कितवे आहे?" असे विचारा, लेखी विचारा. निधीच आला नसेल तर आमदारांना गाठा, पण वेळेवर. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. भेटायचे ते दिवाळीचा फराळ संपायच्या आत. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन दिले तर मागण्यांचे पुस्तक छापून झालेले असते.