युद्धकाळातील विचार आणि युद्धानंतरची सत्ता

औरंगपुऱ्यातील पुस्तकबाजारात जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यातून चीनच्या युद्धकालीन राजकीय विचारांवरील एखादे जीर्ण पुस्तक हाती पडले, तर विद्यार्थी ते चाळून बाजूला ठेवील. चीन म्हटले की मराठी वाचकाला एक तर १९६२ चा पराभव आठवतो, नाही तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. या दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण तेवढ्याने चीन समजत नाही.

१९३७ साली जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा कुओमिंतांग आणि कम्युनिस्ट या परस्परांच्या वैऱ्यांना एकत्र यावे लागले. तथापि, उद्याचा चीन कोणाचा, हा वाद मिटला नव्हता. जानेवारी १९४० मध्ये माओ त्से-तुंग यांनी ‘नव लोकशाही’ची मांडणी केली. तीत अनेक वर्गांच्या संयुक्त सत्तेचे आणि खाजगी भांडवल सरसकट जप्त न करण्याचे आश्वासन होते. मार्च १९४३ मध्ये चँग कै-शेक यांच्या ‘चीनचे भवितव्य’ या ग्रंथाने उदारमतवाद व साम्यवाद दोन्ही परकीय ठरविले आणि राष्ट्राची धुरा एकट्या कुओमिंतांगकडे सोपविली. एकाने आघाडीची भाषा केली, दुसऱ्याने परंपरेची. राष्ट्रसंकटात पक्षाला प्रश्न विचारू नयेत, याविषयी मात्र दोघांत फारसा मतभेद नव्हता.

डॉ. कोटणीस १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले आणि जखमी सैनिकांची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच १९४२ साली येनानमध्ये वांग शी-वेई या लेखकाने पक्षाधिकाऱ्यांच्या अन्नवस्त्रांतील प्रतवारीवर बोट ठेवले. त्यांना अटक झाली आणि १९४७ साली ठार करण्यात आले. त्यांच्यावरील आरोप अधिकृतपणे मागे घेतले गेले ते १९९१ मध्ये. कोटणीसांच्या त्यागाचे मोल याने कमी होत नाही. परंतु त्या त्यागाच्या प्रकाशात ही काळी बाजू झाकली जाऊ नये. पुढे १९५६ पर्यंत खाजगी उद्योग सरकारच्या कह्यात गेले, १९५७ च्या मोहिमेत टीकाकारांची तोंडे बंद झाली. आश्वासने युद्धाबरोबर संपली. शिस्त तेवढी उरली.

हा दोष केवळ चीनचा मानण्याचे कारण नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणामुळे २६ ऑक्टोबरला भारतात आणीबाणी जाहीर झाली. २१ नोव्हेंबरला तोफा थंडावल्या. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली. डिसेंबर १९७१ चे युद्ध दोन आठवड्यांत संपले, पण त्या वेळची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. जून १९७५ मध्ये तिच्यावरच दुसरी लादण्यात आली आणि या शहरातून निघणाऱ्या ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले.

भारताला सुटकेची वाट मिळाली, कारण येथे मतपेटी शिल्लक होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आणि दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता सक्तीची केली. चीनमधील वांग शी-वेईंसाठी अशी कोणतीही तरतूद नव्हती.

संकटकाळी राष्ट्राला शिस्त लागते, हे खरेच. परंतु तिच्या आरंभाची तारीख सांगणाऱ्याला तिच्या अखेरीची तारीखही विचारली पाहिजे. जुन्या गठ्ठ्यातील ते पुस्तक वाचायचे, ते यासाठी.