रंगभूमि आणि राजाज्ञा

राजसत्तेला शत्रूच्या सैन्याचें भय वाटावें यांत नवल नाहीं. परंतु एखाद्या नाटकाचें भय वाटावें, हें ऐकून आमच्या तरुण वाचकांस कदाचित् हसूं येईल. चीन देशांत मात्र एका नाटकावरून जें घडलें, तें हसण्यासारखें नाहीं.

1958 मध्यें माओ त्से-तुंग यांनीं एका झेपेंत देशाचें उत्पादन वाढविण्याची मोहीम काढली. तिच्या पाठोपाठ पडलेल्या दुष्काळांत कोट्यवधि माणसें अन्नावांचून मेलीं. या धोरणाचे दोष संरक्षणमंत्री पंग द-ह्वाय यांनीं 1959 मध्यें पत्रानें कळविले. त्यांचें पद गेलें. पुढें 1961 मध्यें बीजिंगचे उपमहापौर आणि इतिहासपंडित वू हान यांचें ‘हाय रुईची पदच्युति’ हें नाटक रंगभूमीवर आलें. सोळाव्या शतकांतील एक निःस्पृह अधिकारी धनिकांनीं बळकाविलेल्या जमिनी शेतकऱ्यांस परत देववितो व त्यापायीं अधिकार गमावतो, एवढेंच त्याचें कथानक. नोव्हेंबर 1965 मध्यें शांघायच्या एका वृत्तपत्रांत त्यावर कडक टीका आली. पंग हेहि हाय रुईच, असा अर्थ मग खुद्द माओंनीं लाविला. सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी ती हीच. 1969 मध्यें वू हान कारागृहांत मरण पावले. त्यांच्यावरील कलंक 1979 मध्यें पुसला गेला.

जुन्या नाटकांतील राजे, प्रधान व पंडित यांस रंगभूमीवरून हांकून दिल्यावर रिकामी जागा भरणें प्राप्तच होतें. तें काम माओंच्या पत्नी च्यांग छिंग यांनीं हातीं घेतलें. पांच संगीत नाटकें, दोन नृत्यनाट्यें व एक वाद्यवृंदरचना अशा आठ कृति 1967 मध्यें आदर्श ठरविण्यांत आल्या. त्यांतील ‘लाल कंदील’ या नाटकांत आजी, पिता व कन्या असें एक घर आहे. पण तिघांचें रक्ताचें नातें मुळींच नाहीं, क्रांति हेंच त्यांचें गोत्र! 1968 मध्यें नियमहि ठरला : सर्व पात्रांत सत्पात्रें उठून दिसावींत, सत्पात्रांत वीर, आणि वीरांत मुख्य वीर.

आमच्या साहित्यशास्त्राला हें मानवणारें नव्हे. शत्रूचे गुणहि वर्णावे, त्यानें नायकाचीच थोरवी वाढते, असें दंडीचें मत आहे. जेथें प्रतिनायक केवळ नीच आणि नायकाला कसलाच संशय नाहीं, तेथें घोषणा होते, रसनिष्पत्ति होत नाहीं. त्या नाटकांचें संगीत व अभिनयकौशल्य उत्तम होतें, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्यांतील पदें आजहि तेथें आवडीनें गाइलीं जातात. तथापि ऑक्टोबर 1976 मध्यें च्यांग छिंग यांस अटक झाली आणि हद्दपार झालेलीं जुनीं नाटकें हळूहळू परत आलीं. नाटक आज्ञेनें लिहवितां येतें, प्रेक्षकहि आज्ञेनें बसवितां येतात. त्यांनीं मनांत लावलेल्या अर्थावर मात्र आज्ञा चालत नाहीं.

मुलांसमवेत नाटक वा चित्रपट पाहून घरीं आल्यावर वडील मंडळींनीं एवढें अवश्य विचारावें : प्रतिपक्षाला आपली बाजू मांडूं दिली होती काय?