सावलीवरून ठरवलेला क्षय

छातीच्या क्ष-किरण प्रतिमेत पांढरी सावली दिसते. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नाहीत. तरीही क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि रुग्ण सहा महिने ती निष्ठेने घेत राहतो. भारतात फुप्फुसाचा कर्करोग बहुतांश वेळा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात हाती लागतो, आणि त्याचे खापर रुग्णाच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा अन्याय्य आहे. पुष्कळ रुग्ण वेळेवर डॉक्टरांकडे गेलेले असतात. वेळ वाया जातो तो त्यानंतर.

यावरचा बचाव ठरलेला आहे. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत, तेव्हा आधी संशय क्षयाचाच घ्यावा. आधी घ्यावा, हे मान्य. पण संभाव्यता नव्या पुराव्यासरशी बदलायची असते. दोन महिन्यांनी खोकला तसाच, वजन घटलेले आणि सावली वाढलेली असेल, तर पहिल्या दिवशीचा अंदाज कवटाळून बसण्याला वैद्यकाचा आधार नाही आणि गणिताचाही नाही. त्यात आणखी एक चकवा आहे. गाठीने श्वासनलिका अडवली की तिच्या पलीकडच्या भागात जंतुसंसर्ग होतो, आणि रिफॅम्पिसिन क्षयाखेरीज इतरही काही जंतू मारते. ताप उतरतो, सारे निश्चिंत होतात. गाठ जागच्या जागी असते.

एका पेशीपासून एक सेंटिमीटरची गाठ होईपर्यंत सुमारे 30 वेळा दुप्पट व्हावे लागते. एका दुपटीला तीन महिने लागतात असे धरले, तर सहा महिन्यांच्या चुकीच्या उपचारात गाठीचे आकारमान चौपट होते. फुप्फुसाच्या ऊतीला वेदना जाणवत नाही. दुखू लागते ते गाठ छातीच्या आवरणापर्यंत किंवा फासळीपर्यंत पोहोचल्यावर. स्वरयंत्राकडे जाणारी चेता छातीतच दाबली जाते आणि आवाज बसतो. उपचार मात्र घशावर होतात. काही गाठींमुळे रक्तातील कॅल्शियम वाढते, काहींमुळे सोडियम घटते. रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि घरचे वयाला दोष देतात. कित्येकांच्या बोटांची टोकेही फुगतात. ती पाहायला तर कोणतेच यंत्र लागत नाही.

‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की उरलासुरला संशयही मावळतो. तंबाखू हे प्रमुख कारण आहे, याबद्दल वादच नाही. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्येच बाहेरच्या हवेचे प्रदूषण निश्चित कर्कजनकांच्या गटात टाकले. जन्मात धूम्रपान न केलेल्या, चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईच्या खोकल्याकडे ‘हिला कसा होईल?’ अशा नजरेने पाहणे म्हणूनच अक्षम्य आहे. धूम्रपान न करणाऱ्यांच्या गाठींत ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तन अधिक आढळते, आणि त्यावर नेमकी काम करणारी गोळी उपलब्ध आहे. मात्र ते शोधण्यासाठी सहसा गाठीचा तुकडा लागतो. तो वेळीच काढता यावा म्हणून सीटी स्कॅन, ब्राँकोस्कोपी आणि विकृतिशास्त्रज्ञ जिल्हा रुग्णालयात असलेच पाहिजेत. आणि जंतूंच्या पुराव्याविना क्षयाची औषधे सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाची दोन महिन्यांनी फेरतपासणी क्षयनिर्मूलन कार्यक्रमानेच सक्तीची केली पाहिजे.